पिवळा भात

डिचोलीच्या बाजारापासून थोडं वर चढलं की एका ट्रस्टचं छोटं इस्पितळ लागतं. त्याच्या पहिल्या मजल्यावर फोनची खोली होती. दोन मेजं, दोन फोन, दोन संगणक आणि भिंतीवर मोठ्या आकड्यांचं घड्याळ. एका मेजावर रंजना बसायची, दुसऱ्यावर कोमल. आसपासच्या गावांतले लोक फोन करायचे. कुणाच्या मुलाला ताप, कुणाच्या पायाला काजूचा चीक लागून फोड, कुणाचं पोट तीन दिवस धरलेलं. दोघी नर्स ऐकायच्या, विचारायच्या आणि शेवटी तीनपैकी एक सांगायच्या: आत्ताच इस्पितळात या, आज डॉक्टरांना दाखवा, किंवा घरीच राहा आणि उद्या परत फोन करा. औषध द्यायचं काम त्यांचं नव्हतं. किती घाई करायची ते ठरवायचं काम त्यांचं.

रंजना मूळची चंदगड तालुक्यातली. नवऱ्याला इथल्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून ती गोव्यात आली आणि चौदा वर्षं वॉर्डात उभी राहून तिने नोकरी केली. मग पाठीच्या मणक्याने दगा दिला. रुग्ण उचलायचे नाहीत, फार वेळ उभं राहायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं आणि तिला फोनवर बसवण्यात आलं. पहिले दोन महिने ती घरी जाऊन नवऱ्याला म्हणायची, "माणूस डोळ्यांनी बघायचा नाही, हात लावायचा नाही, मग हे कसलं नर्सिंग?" पण हळूहळू तिला कळायला लागलं, की आवाजालाही चेहरा असतो. धाप लागलेला माणूस वाक्य मध्येच तोडतो. दुखणं लपवणारा माणूस फार नीट बोलतो. आणि घरातलं माणूस रुग्णाबद्दल जे सहज, जाता जाता बोलून टाकतं, त्यात पुष्कळदा सगळं असतं.

तिला प्रश्न विचारायची हौस होती. संगणकावर प्रश्नांची यादी ठरलेली असायची, पण रंजनाचे प्रश्न त्या यादीबाहेर जायचे. कोमल हसून म्हणायची, "रंजनाताई, तुमचा एक फोन होईपर्यंत माझे तीन होतात."

दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले होते. सकाळी अकराच्या सुमाराला लाटंबार्सेहून एका बाईचा फोन आला.

"सिस्टर, मी सुविधा बोलतंय. माझे सासरे चार दिस जेवणत नायत. काल दोनदा ओकले, आज सकाळी एकदा. काय देऊ तेंका?"

रंजनाने वय विचारलं. एकाहत्तर. ताप? नाही. पोटात दुखतंय? नाही म्हणतात. जुलाब? परवा थोडे झाले, आता नाहीत. छातीत दुखणं, धाप, घाम, हातापायात मुंग्या? काही नाही. पाणी पितात? घोट घोट.

"कुठली औषधं चालू आहेत?"

"हार्टची एक गोळी, आणि एक पातळ रक्ताची. म्हणजे रक्त पातळ ऱ्हवाची. मीच देतंय रोज सकाळी. चुकणा नाय कधी."

"दुसऱ्या कुठल्या डॉक्टरांची?"

"नाय, दुसऱ्यांची काय नाय."

यादीतले प्रश्न संपले. संगणक म्हणत होता: पाणी, मीठ-साखर, हलकं जेवण, आज संध्याकाळपर्यंत डॉक्टरांना दाखवा. रंजना ते सांगायला लागली. पेज द्या, थोडी थोडी द्या, असं ती म्हणाली, तेवढ्यात सुविधाचा आवाज बदलला.

"पेज दिलंय ना सिस्टर. ताट पुढे केला तर म्हणतत, ह्याच्यात हळद घातलंस. पेजेत कोण हळद घालता? साधो भात केलो तरी तोच प्रकार. म्हणतत, पिवळो भात माका नको. मी काय सांगू तुमका, आठ दिस झाले, घरात नुसती भांडणा."

दुसरी एखादी नर्स म्हणाली असती, वयानुसार होतं असं, सांभाळून घ्या. रंजनाचा हात मात्र टेबलावरच्या पेनावर थांबला.

"भांडणं कशावरून?"

"कपड्यांवरसून. तेंचा लेंगो-शर्ट पांढरो लागता. आबा शिंपी. आमच्या गावात लग्नाचे, शाळेचे, सगळे कपडे तेंनीच शिवले. आता तब्येतीमुळे शिवणत नाय, पण नजर तीच. दोरीवरचे कपडे बघून म्हणतत, हे पिवळे कशे? साबण नीट काढूक येणा नाय तुका. मी दोन दोन पाण्यात काढतंय, सिस्टर. नीळ घातलंय. काल परत धुतले. तरी पिवळेच म्हणतत. शेजारची येऊन बघून गेली, ती म्हणता, बगळ्यासारखे पांढरे असत. आबा म्हणतत, तुम्ही दोघी माका खुळो ठरवतात."

मग नाक ओढल्याचा आवाज आला. "घरवालो म्हणता, म्हातारपण असा, गप ऱ्हव. पण माका समजणा नाय, हे मुद्दाम करतत की तेंचा डोक्याचा काय झाला."

"सुविधाताई," रंजना म्हणाली, "आबांच्या डोळ्यांतला पांढरा भाग बघितलात? तो पिवळा आहे का?"

"कावीळ? माका पण तसाच वाटला. बघितलंय मी. पांढरो असा. लघवी पण साधी."

"आत्ता परत बघा. खिडकीशी नेऊन, उजेडात. मी थांबते."

पावलांचा आवाज, एक खुर्ची सरकल्याचा आवाज, आणि लांबून एका म्हाताऱ्या माणसाचं त्रासिक बोलणं ऐकू आलं. सुविधा परत आली. "पांढरे असत, सिस्टर."

म्हणजे माणूस पिवळा झाला नव्हता. त्याला दिसणारं जग पिवळं झालं होतं. रंजनाला शिकत असतानाची एक ओळ आठवली. हृदयाच्या एका जुन्या औषधाबद्दलची. परीक्षेत हमखास विचारतात म्हणून पाठ केलेली. चौदा वर्षांत तसा एकही रुग्ण तिने पाहिला नव्हता. पण ते औषध अंगात जास्त झालं तरच तसं होतं, आणि सुविधा तर रोज एकच गोळी देत होती.

"ती हार्टची गोळी आणा. तिच्या पाकिटावर मोठ्या अक्षरात जे नाव आहे त्याच्या खाली बारीक अक्षरात इंग्रजीत काही लिहिलेलं असेल. एकेक अक्षर वाचा."

"डी. आय. जी. ओ. एक्स..."

"पुरे," रंजना म्हणाली. तिने समोरच्या कागदावर एक रेघ ओढली. औषध तेच होतं. "किती दिवस चालू आहे?"

"वर्स होईत आला. दर वेळी ह्याच गोळ्यो. काय वाईट असा?"

"गोळी चांगली आहे. मला फक्त आबांशी बोलायचंय. देता?"

"तुमच्यावर ओरडतील हां ते."

"ओरडू दे."

सुविधाच्या सासऱ्याने, गुरुदास शिंप्याने, फोन हातात घेतला. नुसता श्वास ऐकू येत होता. रंजनाने आपलं नाव सांगितलं आणि म्हणाली, "आबा, मला रंगाबद्दल विचारायचंय. तुम्हाला कपडे कसले पिवळे दिसतात? हळदीसारखे, की जुन्या कागदासारखे?"

असा प्रश्न त्याला आठ दिवसांत कुणी विचारला नव्हता.

"जुन्या कागदासारखे नाय," तो सावकाश म्हणाला. "कच्च्या मांजरपाटाक जो रंग असता, त्याच्यापेक्षा जरा उजळ. लिंबवाच्या सालीच्या आतल्या बाजूसारखो. आणि दिव्याभोवती तर गोल कडा दिसता."

"दिव्याभोवती पण?"

"रात्री बल्ब लावलो की. चाळीस वर्सा पांढरा कापड ह्या हातांतून गेला, बाय. पांढऱ्यात सोळा तऱ्हा असतत, मी अंधारात बोट लावून सांगीन. आणि ही माका सांगता, पांढरा असा."

"तुम्हाला पिवळंच दिसतंय," रंजना म्हणाली. "तुमचं खोटं नाही. तिचंही खोटं नाही. कपडे पांढरे आहेत, आणि तुम्हाला पिवळे दिसतायत. हे एका औषधाने होऊ शकतं."

"हां," म्हातारा म्हणाला, राग निवल्यासारखा.

"आबा, सुविधा देते त्याशिवाय तुम्ही स्वतःहून काही घेता का? ताकदीचं, झाडपाल्याचं, दुसऱ्या डॉक्टरांचं?"

"नाय."

'नाय' हे त्याने फारच पटकन म्हटलं, असं रंजनाला वाटलं. तिने पुन्हा तोच प्रश्न विचारला नाही. तिने विचारलं, "तुम्ही कापड कापायच्या आधी माप किती वेळा घ्यायचात?"

"दोन वेळा. का?"

"सहज विचारलं. मलाही एक गोष्ट दोनदा विचारायची सवय आहे."

खोलीतल्या दुसऱ्या फोनवर कोमल कुणाला तरी भाजलेल्या हातावर साधं पाणी ओतायला सांगत होती. रंजना वाट बघत राहिली. शेवटी गुरुदास हळू आवाजात, सुनेला ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाला, "दिवाळीच्या आदी मी दोडामार्गाक गेलंय. लग्नाच्या बोलण्याक जातंय म्हणून सांगितलंय घरात. थंय एक डॉक्टर असा. तेका दाखवलंय."

"का बरं?"

"बघूक. हंयचे डॉक्टर म्हणतत हार्ट अशक्त असा. खरा की खोटा? दुसऱ्यान पण तोच सांगितला, तर खरा. पयल्या डॉक्टराची चिठ्ठी मी दाखवलीच नाय. दाखवली असती तर तेना तीच वाचून सांगितल्यान असता."

"मग त्यांनी काय सांगितलं?"

"तोच. हार्ट अशक्त." त्याच्या आवाजात थोडं समाधान होतं. "आणि गोळी दिली. वेगळी. वेगळा नाव, वेगळा पाकीट. मी म्हटलंय, दोन जाग्यांची दोन औषधा, लवकर गुण येतलो. रात्री एक घेतंय."

"ते पाकीट कुठे आहे?"

"बटणांच्या डब्यात."

"सुविधाला द्या आबा. ती रागावणार नाही. आणि रागावली तर मी बघते."

बटणं एकमेकांवर आपटल्याचा आवाज आला. मग सुविधा फोनवर होती. तिला काही कळलं नव्हतं. रंजनाने तिला दोन्ही पाकिटं शेजारी शेजारी धरायला सांगितली.

"मोठी नावा वेगळी असत," सुविधा म्हणाली. "ह्याचो रंग पण वेगळो." मग ती बारीक अक्षरं वाचायला लागली. "डी. आय. जी..." आणि ती थांबली. "सिस्टर, ह्या दोघांचा एकच."

"हो. एकच औषध, दोनदा जातंय. आता नीट ऐका. आबांना त्याच खुर्चीवर बसवा, उठू देऊ नका. त्यांचा हात हातात घ्या. अंगठ्याच्या खाली, मनगटाच्या आतल्या बाजूला, तुमची दोन बोटं ठेवा. अंगठा नको, दोन बोटं. फोन स्पीकरवर ठेवा."

"लागणा नाय काय."

"दाबू नका. हलकेच. शिवण चाचपतात तसं."

बराच वेळ गेला. मागून गुरुदासचा आवाज आला, "हंय बघ, जरा वर." आणि सुविधा म्हणाली, "लागला."

"प्रत्येक ठोक्याला 'हां' म्हणा. मी थांबा म्हणेपर्यंत."

रंजना भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत प्रत्येक ठोक्याला कागदावर एक रेघ ओढू लागली.

"हां," सुविधा म्हणाली. "हां." मग काहीच नाही. रंजनाला वाटलं फोन तुटला. "हां. हां." परत मोठी पोकळी. कोमलचा फोन संपला होता. ती वळून बघत राहिली. त्या एका मिनिटात खोलीत तेवढा एकच आवाज होता, बारा-तेरा किलोमीटरवरून येणारा, मध्येच अडखळणारा. मिनिट संपलं तेव्हा रंजनाच्या कागदावर अडतीस रेघा होत्या.

तिने कोमलला खूण केली. कोमलने तिच्या फोनवरून एकशे आठला लाटंबार्सेचा पत्ता सांगायला सुरुवात केली. रंजना सुविधाला सांगत राहिली: आज कुठलीच गोळी नको, दोन्ही पाकिटं आणि दोन्ही चिठ्ठ्या पिशवीत घाला, चक्कर आली तर आडवं करा, दार उघडं ठेवा, शेजारणीला रस्त्यावर उभं करा. आवाज चढू न देता एकेक गोष्ट सांगायची आणि ती झाली का ते विचारायचं, एवढंच ती करत होती.

"सिस्टर," सुविधाने मध्येच विचारलं, "आबांक काय होतला?"

"ठोके कमी पडतायत. इस्पितळात गेले की लक्ष ठेवतील. वेळेत निघालोय आपण." खरोखर वेळेत आहे की नाही हे तिला माहीत नव्हतं. पण "आपण" म्हटल्यावर सुविधाचा श्वास थोडा सुटल्यासारखा झाला, ते तिने ऐकलं.

रुग्णवाहिका येईपर्यंतची वीस मिनिटं रंजनाने फोन ठेवला नाही. मधल्या वेळात तिने डॉक्टर गौरवीला वर बोलावून घेतलं. डॉक्टरीण तरुण होती, इस्पितळात रुजू होऊन तिला वर्षही झालं नव्हतं. कागद वाचून ती म्हणाली, "पिवळं दिसणं? मी फक्त पुस्तकात वाचलंय."

"मी पण," रंजना म्हणाली.

डॉक्टर गौरवीने बांबोळीच्या मोठ्या सरकारी इस्पितळात फोन करून येणाऱ्या रुग्णाची कल्पना दिली. मग ती संगणकावरची यादी बघत उभी राहिली. "दुसऱ्या डॉक्टरांचं औषध, हा प्रश्न यादीत आहे की."

"आहे. मी विचारलाही. ज्या बाईला विचारला तिला उत्तर माहीत नव्हतं."

त्या दिवशी आणखी सव्वीस फोन आले. रंजनाने सगळे घेतले, पण मधूनमधून तिची नजर घड्याळाकडे जात होती. फोनवरच्या नोकरीत हीच गोष्ट तिला सगळ्यांत अवघड वाटायची. वॉर्डात रुग्ण बरा होताना दिसतो, किंवा होत नाही तेही दिसतं. इथे गोष्ट अर्ध्यावर तुटते आणि लगेच दुसऱ्याची सुरू होते. घरी जाऊन तिने नवऱ्याला, निवृत्तीला, सगळं सांगितलं. तो जेवता जेवता थांबला आणि ताटातल्या भाताकडे बघत राहिला. "म्हणजे त्याला हे पिवळं दिसत होतं?" त्याने विचारलं. आणि मग, "तुला कसं वाटलं विचारावंसं?"

"ती भांडण सांगत होती," रंजना म्हणाली. "आजार सांगताना माणसं बेतून सांगतात. भांडण सांगताना काही गाळत नाहीत."

पाचव्या दिवशी तिने स्वतःच फोन लावला. सुविधा बांबोळीलाच होती, वॉर्डाबाहेरच्या बाकावर. पहिले दोन दिवस आबांना यंत्र लावून ठेवलं होतं. ठोके चाळीसच्या वर जात नव्हते. मूत्रपिंडही थोडं मंदावलं होतं, त्यामुळे औषध अंगातून लवकर निघत नव्हतं. तिसऱ्या दिवशी ठोके वाढले. आता साठ होते आणि ते पेज जेवले होते.

"आणि रंग?"

सुविधा पहिल्यांदाच हसली. "रोज सकाळी उठून वॉर्डातली चादर बघतत. काल म्हणाले, अर्धी पांढरी झाली. तिथल्या नर्सांक कळणाच नाय हे काय बोलतत."

"तुम्हाला काही म्हणाले? कपड्यांबद्दल?"

"नाय हो. ते कसले म्हणतत."

आणखी आठवड्याने, सकाळीच, गुरुदासचा फोन आला. तो घरी आला होता. रंजनाने आवाज ओळखला. तिला वाटलं काही त्रास होतोय, म्हणून ती यादी उघडायला लागली.

"त्रास काय नाय," तो म्हणाला. "माका एक विचारूचा होता. ती गोळी कशाची करतत?"

"पूर्वी एका फुलझाडाच्या पानांपासून करायचे. आपल्याकडचं झाड नाही ते. थंड मुलखातलं."

"फूल पिवळा?"

"बहुतेक जांभळं."

"जांभळा." तो विचारात पडला. "आणि दिसता पिवळा. असा कसा?"

"मलाही माहीत नाही आबा. डॉक्टरांना विचारून सांगते." तिने ते खरंच कागदावर लिहून घेतलं. मग तिने विचारलं, "आता कपडे कसे दिसतात?"

"सकाळी दोरीवर घातले तिने. मी खुर्ची घेऊन अंगणात बसलंय, तासभर बघलंय. पांढरे. नीळ अंमळ जास्त झाली, पण पांढरे."

"मग सुविधाला सांगितलंत?"

तो खाकरला. "कसा सांगू? आठ-दहा दिस बोललंय तिका. गावभर सांगितलंय, सुनेक कपडे धुऊक येणत नाय म्हणून. आता काय म्हणू?"

"मला सांगितलंत तसंच सांगा."

"नीळ जास्त झाली म्हणून?"

"ते सोडून."

मग त्याने हाक मारली, "सुविधा. ए बाय. जरा हंय ये." भांड्याचा आवाज थांबला. पावलं आली. फोन बहुधा त्याच्या हातातच राहिला होता, मांडीवर, कारण बोलणं लांबून पण स्पष्ट येत होतं.

"तो दोरीवरचो शर्ट," गुरुदास म्हणाला. "कॉलराकडे बघ. कॉलरात मळ ऱ्हवता नेहमी, कोणाक तो काढूक येणा नाय. तू काढलंस."

सुविधा काय म्हणाली ते ऐकू आलं नाही.

"माझीच नजर फाटली होती," तो पुढे म्हणाला. "तुझा काय चुकला नव्हता."

मग सुविधा काहीतरी बोलली, हळू, आणि त्याने विचारलं की आज दुपारी काय करतलंस, आणि ती म्हणाली, भात आणि सोलकढी. दोघांनाही फोनची आठवण राहिली नव्हती. रंजना आणखी थोडा वेळ ऐकत राहिली. समोर पुढच्या फोनचा दिवा लुकलुकायला लागला, तेव्हा तिने हलकेच तो फोन ठेवला आणि पुढचा उचलला.